झाडानं मोजलेली माणसं

संजीवनी मॅडमना जनगणनेची ड्युटी लागली, तरी त्यांनी कुरकुर केली नाही. बारामतीहून स्कूटीवर निरवांगीच्या शाळेत यायचं, आठवीच्या पोरांना फुलाचे भाग शिकवायचे आणि शाळा सुटली की दोन-चार घरं करायची. घरोघरी चहा मिळायचा, वर निघताना पिशवीत डाळिंबं. मग तक्रार कसली करायची?

रामहरींच्या घरी मात्र गाडी अडली. घरात माणसं किती, एवढं विचारल्यावर रामहरींची आई, ऐंशी ओलांडलेल्या छबूबाई, तोंडाला पदर लावून हसल्याच. जिती माणसं मोजू नयेत, हे एवढ्या शिकलेल्या बाईला ठाऊक नसावं म्हणजे कमाल झाली.

“आमी न्हाय मोजत,” त्या म्हणाल्या. “झाड मोजतं. परसात जाऊन बघा.”

परसात चक्क रुद्राक्षाचं झाड! मॅडम हरखल्या. एम.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं त्यांना. हिमालयाच्या पायथ्याशी, ओलसर हवेत रमणारं हे झाड इथं डाळिंबाच्या ठिबकवर दोन पुरुष वाढलं होतं आणि वर फळलंही होतं. छबूबाईंचं म्हणणं असं, की घरात जितकी माणसं, तितकी मुखं त्याच्या बीवर. नातू दिग्विजयचं लग्न व्हायच्या आधी चार यायची. निकिता सून होऊन आली आणि पाच यायला लागली.

मॅडमनी त्यांना नीट समजावलं. फळाच्या आतल्या कठीण बाठीत कप्पे असतात, दोन कप्प्यांमधली खाच म्हणजे मुख. कप्पे किती ते फूल धरतं तेव्हाच ठरतं. आणि पाचमुखी रुद्राक्ष तर सगळीकडेच, त्यात झाडाची काय हुशारी? नव्या सुनेच्या माहेरचं कौतुक ऐकावं तसं छबूबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

मग मॅडमनी खाली पडलेलं एक सुकं फळ सोललं. सहा मुखं. दुसरं सोललं, सहा. अकरा फळं सोलली तरी सहाच. एकेक नाव विचारून घेतलं, तर घरात माणसं पाचच. छबूबाई, रामहरी, त्यांची बायको प्रयागबाई, दिग्विजय आणि निकिता.

दारात उभी असलेली निकिता आत गेली. लग्नाला सहा वर्षं झालेली, दोनदा पोटातलं गेलेलं. आता या घराला एकच आस होती. छबूबाईंचे डोळे भरून आले आणि मॅडमना पुढचं शास्त्र सांगवेना. त्यांनी फॉर्मवर पाच लिहिलं आणि निघाल्या.

महिन्याभरात रामहरी स्वतः निकिताला दिवस गेल्याचे पेढे घेऊन शाळेत आले. मॅडमनी दोन खाल्ले, तिसरा पर्समध्ये टाकला. स्कूटी काढताना त्यांच्या मनात हिशेब जुळला. ती फळं मागच्या वैशाखातल्या फुलांची. म्हणजे निकिताच्या पोटात काही नव्हतं तेव्हाच सहा कप्पे ठरले होते. योगायोगही असतात बाई जगात, असं स्वतःला बजावून त्यांनी स्कूटीला बटण मारलं.

मार्गशीर्षात बारसं झालं. मांडव घातलेला, पाव्हणे मावेनात. पाळणा म्हणून झाला, सासरहून आलेल्या आत्यानं बाळाच्या कानात शंभूराज नाव सांगितलं आणि पोरींनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की बिचारी कळवळली. मॅडमही पोट धरून हसल्या आणि मोकळ्या हवेला परसात आल्या.

झाडाखाली निळी ताजी फळं पडली होती. सवयीनं एक उचललं, सोललं, पदराला पुसलं.

पाच.

दुसरं. पाच.

“पाचच ना?” मागं छबूबाई उभ्या होत्या.

“पाच हाच नेहमीचा आकडा असतो, आजी,” मॅडम म्हणाल्या. खरं तेच सांगत होत्या, पण हात तिसऱ्या फळाकडे गेला.

छबूबाई हसल्या. “कशाला भ्यायचं? झाड किती ते सांगतं, कोण ते न्हाय सांगत. म्हनून मीच सांगून टाकलं त्याला. लई जगले की मी.”

त्यांनी खालच्या फांदीकडे बोट केलं. चाळीस वर्षं गळ्यात असलेली त्यांची रुद्राक्षाची माळ तिथं सुतळीनं करकचून बांधली होती. तीन गाठी मारलेल्या. गळ्यावर मण्यांचा फिकट माग तेवढा राहिला होता.

“आता चुकायचं न्हाय ते,” छबूबाई म्हणाल्या आणि मॅडमचा हात धरून त्यांना जेवायला घेऊन गेल्या. पंगतीत दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली आणि रामहरींना तूप वाढण्यावरून टोमणाही मारला. मॅडमना भरून आलं आणि हसूही आलं.

निघताना मॅडम छबूबाईंबरोबर पुन्हा परसात आल्या, तेव्हा निकिता बाळाला घेऊन तिथं आली. सुखानं तिचा चेहरा नुसता फुलला होता.

“आजी, तुमची माळ पाळण्यात पडलीवती बघा. सोडतच न्हाय हा.”

बाळाच्या इवल्या मुठीत माळ घट्ट धरलेली होती. छबूबाईंचा हात गळ्यापाशी गेला आणि तिथंच राहिला. त्या हसत नव्हत्या.

मॅडमनी फांदीकडे पाहिलं. सुतळी होती. तिन्ही गाठी जशाच्या तशा होत्या.