विमान नेलं, ट्रॉल्या ठेवल्या

"विमान चोरीला गेलंय!" भाऊजी दारातूनच ओरडले.

दातांच्या डॉक्टरांच्या हातातला चहा सांडला. भाऊजी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एरवी छत्री हरवली तरी घर डोक्यावर घेणारे. पण आज चेहरा खरोखर पांढराफटक पडला होता.

चिमटाबाईंनी पेपर खाली ठेवला. बाई खाजगी गुप्तहेर. नजरेतून काही म्हणता काही सुटायचं नाही, म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव. डॉक्टर त्यांचे शेजारी आणि हौशी मदतनीस.

"घर गहाण टाकून त्या स्वस्त विमानकंपनीत पैसे घातलेत मी," भाऊजी म्हणाले. "तीन विमानं होती. त्यातलं एक आज सकाळी जागेवर नाही! मालक म्हणतात, दुपारी नव्या गुंतवणूकदारांची बैठक आहे, बोभाटा करू नका."

"ताईला माहीत आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिला गहाणाचंही माहीत नाही रे."

डॉक्टरांनी दवाखान्याला सुट्टी दिली आणि तिघं विमानतळावर पोचले.

विमानाची जागा रिकामी होती. कडेला खाण्याच्या ट्रॉल्या ओळीत लावलेल्या. शेजारी कंपनीच्या नारिंगी रंगाच्या सीटच्या खोळी, नीट घड्या घालून ठेवलेल्या. आणि एक मोठी नारिंगी गुंडाळी. बाईंनी ती उलगडली. चिकटपट्टीसारखा कागद, त्यावर कंपनीचं नाव.

"विमानावरचं नाव रंगवलेलं नव्हतं?" भाऊजी चक्रावले.

तिथला इंजिनियर कपाळावरचा घाम पुसत होता. "मला काही कळत नाही, बाई. इंधनवाले आम्हाला उधारीवर थेंबभर देत नाहीत. काल मात्र न मागता टाकी भरून गेले. पैसे कुणी दिले, देव जाणे."

पायलट कॅन्टीनमध्ये सापडला. "पगार थकलाय म्हणून मी चोर ठरतो होय?" तो भडकला.

"विमानं रिकामी जायची का?" बाईंनी विचारलं.

"छे! खच्चून भरलेली. पण तिकीट इतकं स्वस्त, की माणूस चढला की तोटा. पुढच्या महिन्याची तिकिटं विकायची आणि त्यात आजचं इंधन भरायचं."

मालक सभागृहात खुर्च्या लावून घेत होते. "पोलीस? विमा? बघू हो सावकाश. आधी बैठक होऊ दे."

"पायलटच," डॉक्टर बाईंच्या कानाशी कुजबुजले. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि सगळ्यांना सभागृहाशेजारच्या खोलीत बसवलं.

"चोराला घाई असते," त्या म्हणाल्या. "हा पठ्ठ्या मात्र खोळींच्या घड्या घालून गेला. कंपनीचं होतं ते सगळं ठेवलं, नावसुद्धा सोलून ठेवलं. फक्त विमान नेलं. म्हणजे तेवढंच त्याचं होतं."

"विमान त्याचं?" भाऊजी उभेच राहिले.

"भाड्याचं होतं. भाडं थकलं, तसा मूळ धनी स्वतःच्या खिशातून इंधन भरून घेऊन गेला. म्हणून तर मालकांनी पोलिसांना बोलावलं नाही. चोरी झालीच नाही, तर तक्रार कसली करणार?"

मालक जराही गडबडले नाहीत. "भाड्याची आहेत हे मी कधी लपवलं नाही. कुणी विचारलंच नाही."

"मी विमानतळावर उभा राहून बघायचो," भाऊजी पुटपुटले. "एक सीट रिकामी दिसायची नाही. म्हटलं, धंदा जोरात आहे."

"मग आता पकडायचं कुणाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणालाच नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता.

मालकांनी घड्याळ बघितलं. "नवे लोक आलेत. जुन्यांनी थोडी भर घातली, तर उरलेली दोन वाचतील. नाहीतर तीही जातील."

भाऊजींनी शर्टाच्या सुरकुत्या सारख्या केल्या आणि दाराकडे निघाले.

"भाऊजी, वेड लागलंय का? आत्ता ऐकलंत ना सगळं?"

"ऐकलं रे. पण इथे थांबलो तर घर गेलंच. ती दोन उडत राहिली, तर निदान आशा आहे."

डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. भाऊजींनी तो हळूच सोडवला. "बाई, तुम्ही तरी सांगा ना!" डॉक्टर म्हणाले.

"मी फक्त शोधून देते, डॉक्टर. माणसाला थांबवता मलाही येत नाही."

डॉक्टरांच्या खिशात फोन वाजला. ताई होती. "अरे, हे तुझ्याकडे आलेत का? जेवायची खोळंबलेय मी."

डॉक्टर फोन कानाला लावून दाराकडे वळले. उघड्या दारातून भाऊजी जागा शोधताना दिसत होते. सभागृहात एकही खुर्ची रिकामी नव्हती.