पडवीतली हौसा

"वाकू नका!"

यज्ञेश होता तसा गोठला. एक हात चपलेच्या बंदाकडे, दुसऱ्यात शेजारच्यांकडे पोचवायची आंब्याची पेटी, आणि घर चुकलेलं. पडवीतून काहीतरी तपकिरी सुसाट आत गेलं नि बाजेखाली नाहीसं झालं.

"गेली..." ऋजुता दमलेल्या आवाजात म्हणाली. "नऊ दिवसांनी आज पडवीपर्यंत आली होती."

"कोण?"

"हौसा. कुत्री. माणूस वाकला की दगडच उचलणार, एवढंच शिकवलंय तिला लोकांनी."

"मग चपला कशा काढू?"

"घालूनच या."

पावस गावचा माणूस एकवेळ मतदान चुकवेल, पण चपला घालून कुणाच्या पडवीत चढणार नाही. यज्ञेशने उभ्याउभ्याच पाय झाडले. एक चप्पल तुळशीपाशी पडली, दुसरी दगडी गडग्यापलीकडे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा दारात.

"आज कुणाचं घर चुकलात?"

"आज चुकलो नाही, बाई."

हौसा प्राण्यांच्या निवाऱ्यातून आलेली. बोली महिन्याची होती. तेवढ्या मुदतीत तिने अंगाला हात लावू दिला नाही, तर ती परत पिंजऱ्यात.

"मी काय करायचं?"

"काही नाही. तिच्याकडे बघायचं नाही, बोलवायचं नाही. नुसतं बसायचं."

"ऐन मोसमात इतकं चांगलं काम मला कुणी दिलं नव्हतं."

तो रोज येऊ लागला. दिवसभर आंबे उतरवून खांबाला टेकायचा, ती शाळेच्या वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायची. हौसाकडे बघायला बंदी. पण डोळे कुठेतरी ठेवायला हवेत ना — म्हणून दोघं एकमेकांवर ठेवत.

महिना संपत आला, तेव्हा शनिवारी निवाऱ्यातून फोन आला. उद्या गाडी येणार.

"नाही जमलं मला," ऋजुता म्हणाली. रडायचंही त्राण नव्हतं.

यज्ञेशने समजूत घातली नाही. तो बसल्याबसल्या झोपलाच होता.

आणि हौसा बाहेर आली. थांबली... दोन पावलं मागे गेली... पुन्हा आली. त्याचा अंगठा हुंगला आणि हनुवटी त्याच्या घोट्यावर टेकवली. यज्ञेशला जाग आली.

"हात लावा," तो ओठ न हलवता पुटपुटला.

ऋजुताने बोटं तिच्या कानामागे ठेवली. हौसाने रजा मंजूर झालेल्या कारकुनासारखा लांब सुस्कारा सोडला. पळाली नाही. ऋजुताने डाव्या हाताने फोन लावला. "उद्या गाडी पाठवू नका."

"बाई... पायाला मुंग्या आल्यात."

"हलू नका."

"किती वेळ?"

"तिचं समाधान होईपर्यंत."

"आणि तुमचं?"

ऋजुताने पेपरांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मला... फार वर्षं लागतील. चालेल?"

त्याच्या नाकावर डास बसला होता. यज्ञेशने त्याला पोटभर पिऊ दिलं.

"चालेल," तो म्हणाला.