खडूचा टिळा

दिवे गेले तशी पोरं ओट्यावर गोळा झाली. चुडामण नाना तंबाखू मळत म्हणाले, "भूत पाहिलंय कुणी? नाही ना? मग ऐका. माझ्या साडूच्या भाच्याचं घडलेलं आहे, प्रेमराजचं."

प्रेमराज सोनगीरला इंग्रजीचा क्लास चालवायचा. अक्कल बेताची, मिजास कलेक्टरची. शिकवणं कमी, हसणं जास्त. चुकणाऱ्याच्या कपाळावर खडूचा टिळा लावायचा आणि फर्मावायचा, "पुसायचा नाही. घरी जाईपर्यंत गावाला दिसू दे." क्लास फिदीफिदी हसायचा. उद्या आपलीही पाळी आहे, एवढंही त्या शहाण्यांना कळत नसे.

द्रौपदाबाई विधवा, पन्नाशी उलटलेली. गोळ्यांच्या पाकिटावरचं आपलं आपण वाचता यावं म्हणून आली. पहिल्याच दिवशी उभी राहून म्हणाली, "आय इज द्रौपदा."

टिळा.

"सर, मन्ही चूक काय शे, इतलं सांगा."

"या वयात तुला काय कळणार? जा, भाकरी थाप."

लाजेनं तिनं पदर डोळ्यांवर ओढला. तशीच हायवे ओलांडायला गेली. ट्रक दिसलाच नाही. हा बहाद्दर तिच्या दहाव्यालाही फिरकला नाही.

पोळ्याची अमावस्या होती. दुसऱ्या दिवशी प्रेमराजचा सत्कार, धुळ्याहून पाहुणे येणार. स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स क्लासातच राहिलेला. पुरणपोळी हाणून हा तो आणायला निघाला. गोठ्यात रंगवलेल्या शिंगांचे बैल झोपलेले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुलूप काढलं, मोबाइलचा उजेड फ्लेक्सवर धरला. आपलंच थोबाड पाहून खूश.

मागे खडू करकरला.

फळ्यापाशी कुणी नव्हतं.

पहिल्या बाकावर... पदर. डोळ्यांवर ओढलेला.

"सर..."

तो फ्लेक्सच्या आड सरकला.

"मन्ही चूक काय शे?"

सांगितलं असतं तर सुटला असता. एका वाक्याचं काम. पण जिभेला वळण लागलेलं, तेच बाहेर आलं.

"तुला... काय कळणार..."

बाक वाजला नाही. पाऊल वाजलं नाही. पण ती जवळ होती.

थंड बोट.

कपाळाच्या मधोमध...

नानांनी तळहातावरच्या तंबाखूवर थाप मारली.

"मग?" पोरांतली ज्योती पुढे सरकली.

"मग काय! सकाळी हार घालून घ्यायला उभा राहिला. पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा मांडव. त्यानं आरसा मागवला. आरशात कपाळ स्वच्छ! टिळा त्याला एकट्याला दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतो. साबण झाला, रॉकेल झालं, कातडी सोलवटली. क्लास बंद पडला. आता भर उन्हाळ्यातही रुमाल डोळ्यांवर ओढून स्टँडवर बसतो. ओळखीचा दिसला की हळूच रुमाल वर करतो, 'गेला का हो?'"

"तुम्हाला विचारलं, नाना?"

"मागच्या बाजारी."

नानांनी तंबाखू तोंडात टाकली.

"पांढराफटक होता. आत्ताच लावल्यासारखा."