सोड म्हणेपर्यंत

पंडितला छातीतल्या कळेपेक्षा त्या अरुंद नळीचीच धास्ती होती. परप्रांतात, पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कामगारांवर डाफरण्यात हयात गेलेला हा सुपरवायझर, पण एमआरआयच्या फळीवर निजण्याआधी गड्याने दोनदा दाराकडे पाहिलं.

"घाबरू नका काका," टेक्निशियन वृषाली त्याचं नाव वाचून मराठीतच म्हणाली. "शिरेतून औषध दिलंय. चांगल्या स्नायूतून ते निघून जातं. हृदयाचा मेलेला भाग असेल, तिथं रेंगाळतं, पांढरं दिसतं. मी रोखा म्हटलं की श्वास रोखायचा, सोडा म्हटलं की सोडायचा. त्रास झाला तर हा फुगा दाबा."

तिने त्याच्या हातात रबरी फुगा दिला, कानांवर हेडफोन चढवले. फळी आत सरकली.

ठक् ठक् ठक्... "रोखा." रोखला. "सोडा." सोडला. एवढंच होय! पंडितला स्वतःचंच हसू आलं.

मग वास आला. सडक्या अंड्यांचा... मिलमागच्या सांडपाण्याच्या टाकीचा.

त्याच टाकीत त्याने हाताखालच्या कामगाराला, छगनला उतरवलं होतं. आत गॅस आहे हे ठाऊक असून, मास्कशिवाय. 'तुंबलेलं मोकळं कर. दोर मी ओढतो. मी सांगेपर्यंत दम सोडू नको.' तेवढ्यात शेठचा फोन आला आणि पंडित बोलत बोलत पार गेटपर्यंत गेला. पुढे पोलिसांना सांगितलं, नको म्हणताना उतरला. मेलेला माणूस काय उलट बोलणार!

"रोखा," वृषाली म्हणाली. त्याने रोखला.

पुढचा आवाज तिचा नव्हता.

"पंडितभाऊ... धरी ठेव. मी सांगस तवलोंग सोडू नको..."

पंडितने फुगा दाबला, पिळला. छाती फुटायला आली. ओठ उघडेनात. त्यांच्यावर ओली, गार बोटं दाबलेली होती...

फळी बाहेर आली. हेडफोन ओढून बाजूला फेकत वृषाली त्याला गदागदा हलवत होती. "काका, सोडा! कधीची ओरडतेय मी, श्वास सोडा!"

निळ्या पडलेल्या पंडितने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नाही. त्याने अजून सांगितलं नव्हतं.

डॉक्टर धावत आले तोवर सगळं आटोपलं होतं. स्ट्रेचर गेलं, मशीन बंद झालं. वृषाली खाली पडलेले हेडफोन उचलायला वाकली, तर त्यांतून कुणीतरी सावकाश, मनसोक्त श्वास सोडला.