पांढऱ्याशुभ्र पिशव्यांचा संशय

"दोन दिवस धो धो पाऊस पडलाय, नदी दुधाच्या चहासारखी झालीय," लेनोर हळूच म्हणाली. "मग या पिशव्या अशा कशा?"

तिघंही दोरीकडे बघत राहिली. नदीकाठच्या ट्रेलरमागे गाळणीच्या सहा पिशव्या वाळत होत्या. ट्रेलरमधल्या टाक्यांत स्टर्जन माशांची चारशे पिल्लं होती. पंप नदीचं पाणी वर खेचायचा आणि ते या पिशव्यांतून गाळलं जाऊन टाक्यांत पडायचं. पावसाळी दिवसांत पिशव्या चिखलाने बरबटायच्या, कितीही धुतल्या तरी पिवळट राहायच्या. आज मात्र पांढऱ्याशुभ्र!

"वेस्लीकाकांनी घासून धुतल्या असतील," ट्रूडी म्हणाली. ती दहा वर्षांची होती आणि तिचा जगावर विश्वास होता.

"काकांनी? स्वतःचा कॉफीचा मग धुवत नाहीत ते!" तिचा भाऊ आयझी फिसकन हसला.

वेस्लीकाका म्हणजे उन्हाळ्यापुरते ट्रेलरचे राखणदार. दर तीन तासांनी पिशव्या बदलायच्या आणि धुवायच्या, एवढंच त्यांचं काम. पण कंटाळा करायचा म्हटलं तर एवढंही पुष्कळ होतं!

 आणि येत्या शनिवारी तर पिल्लं नदीत सोडायची होती. इथले मूळ रहिवासी ओडावा, म्हणजे लेनोरची माणसं, या माशाला 'नमे' म्हणतात. नमेची पिल्लं जिथे वाढतात त्या पाण्याचा वास मनात साठवतात. मग वीस-पंचवीस वर्षं मिशिगन सरोवरात हिंडून अंडी घालायला त्याच नदीत परततात. लेनोरच्या आजीच्या आजीने ही नदी नमेंनी भरलेली पाहिली होती. आता वर्षाला जेमतेम दहा-बारा येत. शनिवारसाठी आजीने आपली बादली कधीच घासूनपुसून ठेवली होती.

"आत चला," लेनोर म्हणाली.

तिने टाकीत पडणाऱ्या धारेखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला. "बर्फ आहे नुसता!"

"आत्ताच तर आपण नदीत पाय धुतले," ट्रूडीचा चेहरा उतरला. "कोमट होती की!"

आयझीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "शी! खिळे चघळल्यासारखं लागतंय. अशी चव फक्त शेजारच्या सुट्टीच्या कॅम्पमधल्या सरबताला असते!"

कॅम्पच्या सरबताला, म्हणजे कॅम्पच्या विहिरीच्या पाण्याला! तिघं धावत बाहेर आली. ट्रेलरखालून एक हिरवी नळी निघाली होती. नेच्याच्या झुडपांतून लपत छपत ती थेट कॅम्पच्या नळापर्यंत गेली होती. नदीवरचा पंप गप्प होता. आणि वळणावर, लाल होडीत, गळ टाकून आरामात बसले होते... वेस्लीकाका!

"उपटतो ती नळी!" आयझी धावला.

"वेडा आहेस का?" लेनोरने त्याची कॉलर धरली. "पाणी थांबलं तर पिल्लं मरतील! अकराला मार्गोमावशी तपासायला येतेय. आजीलाही बोलाव. आणि ट्रूडी, दोन बरण्या आण."

मार्गोमावशी माशांची तज्ज्ञ होती आणि तिच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नव्हतं. पण अकराला होडीतून परतलेल्या काकांनी तिच्यासमोर आणि आजीसमोरही ऐटीत सांगितलं, "सगळं झकास! दर तीन तासांनी पिशव्या बदलतोय."

"काका, ही बघा गंमत," लेनोरने दोन बरण्या टेबलावर ठेवल्या. "हे आम्ही आत्ता तुमच्याच पिशवीतून गाळलेलं नदीचं पाणी. आणि हे तुमच्या टाकीतलं."

पहिलं पाणी पिवळट होतं. दुसरं काचेसारखं!

"ते... आमची गाळणी जरा जास्त चांगली..."

"म्हणून थंडही करते?" आयझीने विचारलं.

"मी तुमची बाजू घेत होते, काका," ट्रूडी रडवेली झाली.

आता मात्र काकांची मान खाली गेली. "पाणी स्वच्छच होतं ना! पिल्लं चांगली वाढलीयत. नऊच दिवस तर झाले..."

"नुसती वाढवायचीच असती तर शहरात नसती वाढवली?" मावशी कडाडली. "नदीकाठी ट्रेलर कशाला आणलाय आम्ही? यांना घराचा पत्ता कोण शिकवणार, तुमची विहीर?"

पंप सुरू झाला. पिल्लांना सोसावं म्हणून मावशीने नदीचं पाणी हळूहळू मिसळलं. पिल्लं सोडणं तीन आठवडे पुढे गेलं. पिशव्या धुवायला घरोघरच्या पाळ्या लागल्या आणि चिखलाच्या वेळची प्रत्येक पाळी वेस्लीकाकांकडे आली. ते कुरकुरले, पण एकही चुकवली नाही.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सगळा गाव बादल्या घेऊन काठावर आला. आजीच्या बादलीत एक वीतभर पिल्लू होतं, टोकदार नाकाचं, मिशाळ. आजीने बादलीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि नाकाशी नेली. 

"चिखल, पानं, देवदार," आजी म्हणाली. "आपलीच नदी! शाब्बास, पोरांनो. या छोट्या नमेला आता घर सापडेल."

मग तिने बादली लेनोरच्या हातात दिली. "तूच सोड. ही परत येईल तेव्हा मी नसेन. तू पस्तीस-चाळिशीची असशील. काठावर कुणीतरी ओळखीचं हवं ना तिला!"

लेनोरने गुडघाभर पाण्यात उभं राहून बादली अलगद कलती केली.