मोकळं ठेवलेलं चॅनेल

दिशाला रुंद, वेगवान चॅनेलचा भारी सोस. उमरठ रस्त्यावरच्या डोंगरी कॉलेजात वायफाय सांभाळायचं काम तिच्याकडे. शिमग्याचं स्नेहसंमेलन मुंबईतल्या पालकांना थेट दाखवायचं होतं, आणि गेल्या वर्षी ते ऐन नाचात तुटलं होतं. "यंदा तुटलं, तर काम बाहेरच्या कंपनीला," प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे दिशाचं बिऱ्हाड हललं, चला मुंबईला! गाव सोडायचं नुसतं मनात आलं तरी तिला रडू यायचं.

म्हणून तिने आवारातल्या वायफायच्या चारही डब्यांना वरचं, ऐसपैस चॅनेल दिलं. त्या चॅनेलची एक अट असते: रडारची चाहूल लागली की डब्याने आपणहून वाट सोडायची. पण इथे कुठलं आलंय रडार? विमान दिसलं तरी पोरं अजून टाटा करतात.

सकाळी चाचणीत फाटकावरच्या डब्याने चॅनेल सोडलं. कारण: रडार. थोड्या वेळाने कँटीनच्या डब्याने. मग वाचनालयाच्या, मग मंचावरच्या. दिशाने सगळे पुन्हा लावले. पुन्हा फाटक, कँटीन, वाचनालय, मंच. कुणी चालत यावं तसं.

चहाला गेल्यावर तिने कँटीनच्या आवडीकाकूंना हे सहज सांगितलं. काकूंचा झारा कढईवरच थांबला.

"कॉलेज व्हायच्या आधी देवीची पालखी ह्याच वाटेनं यायची गो. मंच हाय ना, तिथं सहाणेचा चौथरा होता. तिथं टेकायची, नि मग काय नाचायची! आता जाते डांबरी रस्त्यानं."

"काकू, मशीनला काय कळतंय पालखीतलं?"

"नाय कळत, तर बाजूला का होतंय?"

दिशा खो खो हसली. हसता हसता अंगावर काटाही आला. तिने रुंदीचा हट्ट सोडला. रडारची अट नसलेली खालची चार अरुंद चॅनेल चार डब्यांना वाटून दिली. वेग थोडा कमी, पण कुणी कुणाच्या पायात येणार नाही. वरचं अख्खं मोकळं ठेवलं. "या," ती हळूच म्हणाली, आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

संमेलन काय रंगलं म्हणता! ढोल, सनई, घामाघूम पोरं. चित्र एकदाही अडकलं नाही. प्राचार्यांनी कोट काढून फेर धरला. "पुढच्या वर्षीही तूच सांभाळ गं बाई!" ते ढोलावरून ओरडले. दिशाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पोरं मंचावर गोल करून नाचत होती. मधे चांगली मोठी जागा कुणी न सांगताच रिकामी राहिली होती.

फोन वाजला. रजा न मिळालेला तिचा भाऊ भरत, घाटकोपरहून. मागे सगळी चाळ आरोळ्या ठोकत होती.

"दिशा, एक नंबर गो! पालखी काय नाचवलीत! तुझी वहिनी हात जोडून रडतेय इथं."

दिशाने मंचाकडे पाहिलं. ढोल, पोरं, मधली रिकामी जागा.

"फक्त एक सांग," भरत म्हणाला, "खांदेकरी का नाय दिसत?"