बुंदीची चानकी

सांभाळ दारातून आत आला तेव्हा विलास मस्के, घरातले अप्पा, ओट्याशी उभे राहून भाकरी थापत होते. चाकांची ती ओळखीची घरघर झाली आणि पाठोपाठ त्याचं शहाण्या मुलासारखं वाक्य आलं, "संध्याकाळची फेरी पूर्ण झाली आहे." अप्पांनी सवयीनं पायाशी पाहिलं. फेरीहून आल्यावर बुंदी धावत यायची ती थेट त्यांच्या पावलांवर येऊन पडायची. आज कुणी आलं नाही. त्यांनी वळून पाहिलं, तर सांभाळनं दोरी नेहमीसारखी पुढे धरली होती आणि तिच्या टोकाला रिकामा गळपट्टा लोंबत होता.

"तेजू!" अप्पा ओरडले. "आगं, पिल्लू कुठं हाय?"

सोलापुरातल्या त्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक घरात एक सांभाळ होता. गुडघ्याइतकं उंच, चाकांवर फिरणारं यंत्र. ते कुत्र्याला मोजून खायला घालायचं, फिरवून आणायचं, रस्त्यावरची घाण स्वतः उचलायचं, लसीची तारीख आली की डॉक्टरांची वेळ ठरवायचं. अप्पांच्या मुलीनं, तेजश्रीनं, नातीच्या, इराच्या वाढदिवसाला पिल्लू आणलं ते सांभाळसकटच. जावई पवनचक्क्यांच्या कामासाठी कच्छला, तेजश्रीची नोकरी सकाळी सुरू होऊन दिवेलागणीला संपणारी, इराची शाळा आणि शाळेनंतरचे क्लास. कुत्र्याचं करणार कोण, हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नाही, कारण त्याचं उत्तर पिल्लाबरोबर आलेल्या खोक्यातूनच निघालं होतं.

सांभाळच्या डोळ्यानं टिपलेलं चित्रण तेजश्रीनं भिंतीवरच्या पडद्यावर लावलं. चौकात लग्नाची वरात होती, फटाक्यांची माळ पेटली आणि भेदरलेल्या बुंदीनं मागे सरत सरत गळपट्ट्यातून डोकं काढून घेतलं. ती दिसेनाशी झाली. यंत्र क्षणभर थांबलं आणि मग उरलेला रस्ता रिकामी दोरी घेऊन, प्रत्येक खांबापाशी थोडं थोडं थांबत, इमानेइतबारे फिरून घरी आलं. हे पाहून अप्पांच्या अंगावर काटा आला. माणूस वेंधळा असेल, आळशी असेल, पण रिकामी दोरी फिरवून आणणार नाही.

त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. अप्पांच्या हातून मात्र सगळ्यात शेवटी चानकी थापली गेलीच.

परातीत शेवटी जे पीठ उरतं त्याची तळहाताएवढी भाकरी म्हणजे चानकी. बार्शीत अप्पांची आई ती रोज लाल्यासाठी करायची. लाल्या गल्लीचा कुत्रा. कुणी त्याला आणलं नव्हतं, कुणी बांधलं नव्हतं. तेलाच्या घाण्यासमोर उन्हात पाय ताणून पडायचा, पोरांबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत जायचा आणि शाळा सुटायच्या वेळी बरोबर तिथंच सापडायचा. छोट्या रेल्वेची शिटी झाली की तोंड वर करून तिला उत्तर द्यायचा. गल्ली हसायची. प्रत्येक चुलीवर त्याच्या नावची चानकी असायची, आणि तो अशा ऐटीत घरोघर फिरायचा की जणू हा पाहुणचार त्याचा हक्कच होता. चुलीचा धूर, गरम भाकरीचा वास आणि उंबऱ्यावर टेकलेलं ते ओलं नाक आठवलं की अप्पांना अजून सुख वाटायचं.

म्हणूनच बुंदी घरात आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तिला चानकी दिली. सांभाळनं लगेच चुगली केली : "आहारात नोंद नसलेला पदार्थ." तेजश्री म्हणाली, "अप्पा, नका ना देऊ. तिचं सगळं वजनावर ठरवलेलं असतं." अप्पा बरं म्हणाले. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की ओट्याखाली, गॅसच्या टाकीमागं यंत्राचा डोळा पोचत नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिथं घासभर चानकीचा व्यवहार चाले. भाकरी होईपर्यंत बुंदी त्यांच्या पावलांवर, ओट्यावरून लोंबणाऱ्या, भाकरी गुंडाळायच्या फडक्याला नाक लावून पडून राही. ते फडकं म्हणजे अप्पांच्या गेलेल्या बायकोच्या, सुमनच्या, जुन्या लुगड्याचा तुकडा. छोट्याशा चोरीत मिळतो तसा आनंद दोघांनाही मिळायचा.

चार दिवसांनी श्वान निवारा केंद्रातून निरोप आला. बुंदी सापडली होती, धडधाकट होती. इरा आनंदानं नाचली. पण निरोपात पुढे लिहिलं होतं : ओळख चाचणीसाठी घरातल्या सर्वांनी यावे.

या चाचणीबद्दल सगळ्यांनी ऐकलं होतं. यंत्रं आल्यापासून कुत्री पाळणं फार सोपं झालं, आणि सोपं झालं म्हणून ती सोडून देणंही सोपं झालं. सुट्टी लागली, घर बदललं, हौस फिटली, की कुत्री रस्त्यावर. केंद्रं भरून वाहायला लागली तेव्हा नवा नियम झाला. हरवलेलं कुत्रं कागदावर ज्याचं नाव आहे त्याला परत मिळणार नाही. कुत्रं ज्याला ओळखतं त्यालाच मिळेल.

जायच्या दिवशी अप्पांनी चंदनाच्या साबणानं अंघोळ केली. सरकारी कचेरीत जायचं म्हणजे नीटनेटकं जायला हवं, ही वीज मंडळातल्या नोकरीची सवय. ट्रंकेतला ठेवणीतला कोट काढला, डांबरगोळ्या झटकल्या, केसांना तेल लावलं. आणि कचेरीत जेवणाची वेळ हमखास होते म्हणून फडक्यात भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. तेजश्रीनं साडी नेसून अत्तर लावलं. इराला नवा फ्रॉक. एखाद्या साखरपुड्याला निघाल्यासारखं ते कुटुंब निघालं.

केंद्रातल्या डॉक्टर नसरीन मुजावर शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी काचेपलीकडची बुंदी दाखवली. तिच्या डोक्यावर मऊ कापडाची टोपी होती. "याला आम्ही ओळखपट म्हणतो," त्या म्हणाल्या. "कुत्र्याच्या मेंदूत एक इवलीशी जागा असते. आपल्या माणसाचा वास आला, की ती जागी होते. पडद्यावरची निळी रेघ तिची. पिवळी रेघ भुकेची. दोन्हींची गल्लत व्हायला नको म्हणून वेगळ्या ठेवल्यात. तुमच्यापैकी एकेकाचा वास आम्ही आत सोडू. तिला तुम्ही दिसणार नाही."

आधी तेजश्री. काचेतल्या छोट्या झरोक्यासमोर तिनं हात धरला. निळी रेघ तळाशी सरळ पडून राहिली. तेजश्री हात तसाच धरून उभी राहिली, जणू अजून थोडं थांबलं तर काहीतरी होईल. मग इरा. रेघेवर बारीकशी लाट उठली आणि विरली.

"खेळत असशील तू तिच्याशी," डॉक्टर म्हणाल्या.

"रविवारी," इरा पुटपुटली.

अप्पा पुढे झाले. त्यांना खात्री होती. पण बुंदीनं हवा हुंगली, एक शिंक दिली आणि तोंड फिरवलं. रेघ हलली नाही. ते बाजूच्या बाकावर जाऊन बसले.

बुंदीला घरी न्यायला तेजश्रीनं सांभाळची दोरी आणली होती, ती डॉक्टरांनी मागितली. ती झरोक्याशी धरताच निळी रेघ ताडकन उठली. बुंदी उभी राहून शेपूट हलवायला लागली.

"रोज कुणाबरोबर असते, ते तिला बरोबर ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण यंत्राच्या नावे कुत्रं देता येत नाही. यंत्र काळजी घेतं. त्याला काळजी वाटत नाही. मला वाईट वाटतंय, पण हिला दुसरं घर शोधावं लागेल."

इरा अप्पांना बिलगून रडायला लागली. रडता रडताच नाक चोळत म्हणाली, "अप्पा, तू आज कसला वास मारतोयस? ट्रंकेसारखा."

अप्पा उठले. कोट काढून बाकावर टाकला, नळावर जाऊन केसांचं तेल आणि हातांचा साबण घासघासून धुतला. मग पिशवीतून गाठोडं काढलं.

"अहो, खायचं नको," डॉक्टर म्हणाल्या. "त्यानं पिवळी रेघ उठेल."

"भाकरी ऱ्हाऊ द्या की बाहेर," अप्पा म्हणाले. "नुसतं फडकं घेतो. ते बी नको आसंल तर नुसते हात."

त्यांनी भाकऱ्या इराच्या हाती दिल्या, फडक्यात उरलेलं कोरडं पीठ तळव्यांना चोळलं आणि हात झरोक्यासमोर धरले. आत बुंदी थबकली. पिवळी रेघ थोडी उठली, खाली आली. आणि निळी रेघ चढायला लागली. दोरीच्या वेळी उठली होती त्याच्याही वर गेली, आणि तिथंच राहिली. बुंदी नाचली नाही, भुंकली नाही. झरोक्याच्या अगदी खाली आली आणि एखाद्याच्या पावलांवर पडावं तशी तिथल्या गार फरशीवर अंग टाकून पडली.

अप्पांना रडू आवरलं नाही आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

डॉक्टर मुजावरांनी चष्मा पुसला. "काका, ती तुमची आहे यात शंका नाही. पण वय काय तुमचं?"

"पंच्याहत्तरी आली."

"ती आणखी बारा-चौदा वर्षं जगेल. म्हणून सत्तरीपुढच्या माणसाला एकट्याला देत नाही आम्ही. तुमच्यामागं तिचं करणारं कुणीतरी लागतं, आणि त्यालाही ती ओळखत असली पाहिजे. महिनाभर न्या तिला. सांभाळ बंद ठेवा. महिन्यानं परत चाचणी घेऊ. तेव्हा या दोघींपैकी एकीच्या वासानं तरी निळी रेघ उठायला हवी."

परतताना गाडीत बुंदी अप्पांच्या मांडीवर झोपली होती. तेजश्रीनं तिच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्या लाल्याची रेघ कुणासाठी उठली असती हो, अप्पा?"

"सगळ्या गल्लीसाठी," अप्पा पटकन म्हणाले.

म्हणाले खरे, पण मग त्यांना ती गोष्ट आठवली, जी ते लाल्याच्या गोष्टींमध्ये कधी सांगत नसत. एका उन्हाळ्यात लाल्या दिसेनासा झाला. त्यांच्या घराला वाटलं, तो घाण्यावाल्यांकडे असेल. घाण्यावाल्यांना वाटलं, मस्क्यांकडे. शोधायला कुणी गेलंच नाही, कारण तो सगळ्यांचा होता. आई काही दिवस चानकी करून उंबऱ्यावर ठेवत राहिली. ती वाळायची, चिमण्या टोचायच्या. मग आईनंही करणं सोडलं. लाल्याचं काय झालं, हे बार्शीत आजही कुणाला माहीत नाही. इतक्या वर्षांच्या आठवणीत अप्पांनी त्याला उन्हात पाय ताणून झोपलेलाच ठेवला होता, कारण तिथं तो सुखात होता.

"तेजू," ते म्हणाले, "सगळ्यांचा असून भागत न्हाय गं. कुणाचा तरी असावा लागतो."

सांभाळ बंद होऊन कोपऱ्यात उभा राहिला आणि घराचे हाल सुरू झाले. पहाटे बुंदीला खाली न्यायचं, पावसात न्यायचं, रस्त्यावरची घाण पिशवीत उचलायची. पहिल्यांदा इराला उलटी झाली, दुसऱ्यांदा नुसतं तोंड वाकडं झालं, नंतर तीच आईला शिकवायला लागली. बुंदीनं तेजश्रीची चांगली चप्पल फोडली. तेजश्रीनं कामाच्या वेळा बदलून घेतल्या, त्यासाठी साहेबांची बोलणी खाल्ली. तरी संध्याकाळ झाली, की बुंदी सगळ्यांना ओलांडून ओट्याशी, अप्पांच्या पावलांवर.

महिना संपत आला तशी एका संध्याकाळी तेजश्री ओट्याशी आली. "सरका, अप्पा. आज मी करते. पाणी किती घालू?"

"हाताला कळंल," अप्पा म्हणाले आणि सरकले.

तिची भाकरी फाटली, पुढची करपली. शेवटी उरलेल्या पिठाची वेडीवाकडी चानकी तव्यावर पडली. बुंदी अजून अप्पांच्या पावलांवरच होती, नाक मात्र तव्याच्या दिशेनं हलत होतं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच, जाग येऊ नये अशा बेतानं झोपल्या लेकराखालून हात काढून घेतात, तशी त्यांनी आपली पावलं काढून घेतली.

ते बाहेर गॅलरीत जाऊन बसले. आत तेजश्रीचा आवाज आला, "ये गं, बुंदी. घे." पीठ लागलेला हात तिनं खाली धरला असेल. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग फरशीवर नखांची टिकटिक सुरू झाली. ती तिकडे जात होती की इकडे येत होती, ते अप्पांना समजेना. वळून पाहिलं असतं तर दिसलं असतं. पण ते पाठ करून तसेच बसून राहिले, कारण त्या पावलांनी आपल्याकडे यावं की येऊ नये, यातलं नेमकं काय मागावं?